शून्य भरण्यापूर्वी

लालबागचा माणूस फोर्टातल्या कचेरीत कसा पोहोचतो? करी रोडपर्यंत पायी, तिथून सीएसएमटीपर्यंत लोकल, पुढे बेस्ट नाहीतर शेअर टॅक्सी. २०११च्या जनगणनेने कामावर जाण्याचे एकच साधन विचारले. रेल्वे लिहिली की पायपीट आणि बस तक्त्यातून बाद. आपण ‘लागू असतील ते सर्व’ विचारतो, हे बरेच आहे; पण मग एकाच रकान्यात ‘१,३,११’ असे उत्तर येऊन बसते.

ते फोडायला आज्ञावली हाताशी आहेत. मात्र स्टाटाची ‘स्प्लिट’ पहिले, दुसरे, तिसरे उत्तर वेगळे करते. पर्यायागणिक ०-१चे रकाने पुढे आपणच करायचे. तिथे ‘पायी’साठी नुसता ‘१’ शोधला, तर ‘११’वालेही पायी चालणाऱ्यांत मोजले जातात. स्वल्पविरामांमधला पूर्ण आकडा जुळवावा. कोबोटूलबॉक्स निर्यातीतच पर्यायवार रकाने देते, त्यामुळे अनेकांना हा घोळ दिसतही नाही.

खरी अडचण शून्याची. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातला पाण्याचा प्रश्न पाहा. पिण्याचे पाणी सुरक्षित करण्यासाठी काही करता का, हे आधी विचारतात. ‘हो’ म्हणणाऱ्यालाच काय करता ते विचारतात, ‘आणखी काही?’ असे पुन्हा विचारून सांगितलेले सगळे नोंदवतात. इथे ‘उकळतो’च्या रकान्यातले शून्य म्हणजे ‘उकळत नाही’ की ‘उल्लेख केला नाही’? आणि ज्याला दुसरा प्रश्न विचारलाच नाही, त्याचे काय? छेद सर्व कुटुंबांचा असेल तर त्याला शून्य चालेल. पाणी शुद्ध करणाऱ्यांचाच असेल तर रकाना रिकामाच हवा. उत्तरच न देणाऱ्याला मात्र कुठेही शून्य नको. हा निर्णय सॉफ्टवेअर घेत नाही.

एसपीएसएस बहुउत्तरी तक्त्यात दोन टक्केवाऱ्या छापते: एकूण उत्तरांपैकी आणि एकूण उत्तरदात्यांपैकी. दुसरीची बेरीज शंभरावर जाते, आणि ती चूक समजून पहिली छापणारे अहवाल आमच्याकडे नेहमी येतात. वर पाय-चार्टही असतो!

यापुढे लेख पाठवताना तक्त्याखाली तीन गोष्टी लिहाव्यात: छेद कोणता, शून्य कोणाला दिले, पर्याय वाचून दाखवले होते का. आणि मूळ रकाना पुसू नये.