एम्सकरांनो, मे उजाडण्याआधी आपली मागणी नोंदवा

आयोवातल्या एम्समध्ये राहणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांना, इथे घर करून राहिलेल्या कुटुंबांना आणि मुलांकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या आईवडिलांना ही कळकळीची विनंती आहे. ‘ट्रेडर जोज’ या किराणा दुकानांच्या साखळीची एक शाखा आपल्या गावात यावी, म्हणून याच एप्रिलमध्ये आपापली मागणी कंपनीकडे नोंदवा. मे महिन्यात पदवीदान झालं की पोरं पांगतात. कुणी नोकरीला जातं, कुणी उन्हाळ्यापुरतं दुसऱ्या शहरात, कुणी मायदेशी. ऑगस्टमध्ये नवे विद्यार्थी येतील, पण त्यांना गाव समजेपर्यंत बर्फ पडायला लागलेला असेल. हे काम पुढच्या सत्रावर ढकललं तर आणखी एक हिवाळा असाच जाईल.

किराणा दुकानासाठी एवढा आटापिटा कशाला, असं काहींना वाटेल. गावात हाय-व्ही आहे, फेअरवे आहे, वॉलमार्ट आहे, टार्गेट आहे. पण याच गावातल्या विद्यापीठात अडचणीतल्या विद्यार्थ्यांसाठी ‘द शॉप’ नावाचा मोफत शिधा देणारा उपक्रम विद्यार्थ्यांनाच चालवावा लागतो, हेही आपण जाणतो. परदेशी विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला 20 तासांपलीकडे काम करता येत नाही, आणि तेही विद्यापीठाच्या आवारातच. त्या पैशात घरभाडं, फोन आणि पोट. गाडी नसते. सायराइडच्या बसला विद्यार्थ्यांना वेगळं तिकीट पडत नाही हा मोठाच आधार आहे, पण उणे तापमानात दोन्ही हातांत पिशव्या घेऊन थांब्यावर उभं राहणं काय असतं, ते ज्याचं त्याला ठाऊक. मग दूध, अंडी, ब्रेड आणि नूडल्स यांवर महिने निघतात. एकट्या माणसाला परवडेल, पुरेल आणि वाया जाणार नाही एवढंच अन्न विकत मिळणं, ही साधी गोष्ट इथे फार अवघड होऊन बसली आहे.

ट्रेडर जोजची रीतच अशा माणसाला सोयीची आहे. दुकान लहान, साधारण 10,000 ते 15,000 चौरस फुटांचं. मोठ्या सुपरमार्केटात 30,000 च्या वर वस्तू असतात, इथे 4,000 च्या आसपास, आणि त्यातल्या बहुतेक कंपनीच्या स्वतःच्या नावाच्या, म्हणून स्वस्त. केळी वजनावर नाही, नगावर मिळतात. एका केळ्याची किंमत वीसहून अधिक वर्षं 19 सेंट होती, 2024 मध्ये ती 23 सेंट झाली. फ्रीझरमध्ये नान, मलबारी पराठा, पनीर टिक्का मसाला. घरच्या पोळीभाजीची सर त्याला येणार नाही, पण रात्री अकराला प्रयोगशाळेतून परतणाऱ्या मुलीच्या पोटात त्या वेळी काहीतरी गरम जातं. मला तेवढं पुरेसं वाटतं.

सध्या यासाठी आपण वेस्ट डे मॉइनला जातो. जाऊन-येऊन सुमारे 80 मैल. ज्याच्याकडे गाडी आहे त्याच्या गाडीत चौघं-पाच जण दाटीवाटीने बसतात आणि येताना डिकी भरून आणतात. हिमवादळात आय-35 महामार्ग बंद झाला की तेही नाही. यातली खरी गोम लक्षात घ्या. आपण एम्सचे लोक तिथे जाऊन जे पैसे खर्च करतो, ते वेस्ट डे मॉइनच्या दुकानाच्या खात्यावर जमा होतात. लोक चाळीस मैल येतातच आहेत, तर एम्समध्ये वेगळं दुकान कशाला, असं कुठल्याही व्यापाऱ्याला वाटेल. आपली निमूट धावपळ आपल्याच विरोधात पुरावा ठरते. म्हणून बोलायला हवं, आणि लेखी बोलायला हवं.

आणखी एक अडचण आकड्यांची आहे. 2020 च्या जनगणनेत एम्सची लोकसंख्या 66,427 भरली. त्यात विद्यार्थ्यांचा वाटा फार मोठा, कारण इथल्या आयोवा स्टेट विद्यापीठात सुमारे 30,000 जण शिकतात. अमेरिकेत विद्यार्थी जिथे राहून शिकतात तिथेच मोजले जातात, आणि त्यांची स्वतःची कमाई नगण्य असल्याने कागदावर गावाचं सरासरी उत्पन्न खाली येतं. त्यांच्या आईवडिलांनी पुण्याहून, नागपुराहून किंवा शिकागोहून पाठवलेले पैसे त्या तक्त्यात दिसत नाहीत. प्राध्यापक आणि संशोधक मंडळी चवीने खातात, नवं करून बघतात, हेही दिसत नाही. कागदावरचं एम्स खऱ्या एम्सहून गरीब आहे, आणि दुकान कुठे काढायचं हे ठरवणारा माणूस आधी कागद बघतो.

वास्तविक ही साखळी निघाली तीच आपल्यासारख्यांसाठी. जो कूलोम यांनी 1967 मध्ये कॅलिफोर्नियातल्या पॅसाडीनात पहिलं दुकान काढलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे गिऱ्हाईक होतं ते भरपूर शिकलेलं पण पगार बेताचा असलेलं. शिक्षक, वादक, पत्रकार असे लोक. महाविद्यालयात जाणाऱ्यांचं प्रमाण वाढतंय आणि विमानप्रवास स्वस्त होणार आहे, तेव्हा परदेशी चवी कळणारे पण खिशाला जपणारे लोक वाढतील, हे त्यांनी ओळखलं. 1979 मध्ये त्यांनी कंपनी जर्मनीच्या थिओ आल्ब्रेख्ट यांना विकली, तरी दुकानाचा पिंड बदलला नाही. 1996 मध्ये ही साखळी पूर्व किनाऱ्यावर गेली, तीही आधी बोस्टनच्या परिसरात, म्हणजे विद्यापीठांच्या शेजाराला. पुढे मॅडिसन, अ‍ॅन आर्बर, बोल्डर, गेन्सव्हिल, शार्लट्सव्हिल या विद्यापीठांच्या गावांनाही हे दुकान मिळालं. शार्लट्सव्हिल शहराची लोकसंख्या 2020 मध्ये 46,553 होती, एम्सपेक्षा कमी. त्याच्या भोवतालचा परिसर आपल्यापेक्षा मोठा आहे, हे मान्य करायलाच हवं. पण आपल्यालाही बून, नेवाडा, स्टोरी सिटी ही गावं लागून आहेत आणि तिथली माणसं खरेदीला एम्सलाच येतात.

या गावाचं नाव मराठी घरांत कृष्णवर्णीय शास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांच्यामुळे पोचलेलं आहे. वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ वाचून इथे आलेले कितीतरी जण भेटतात. 1891 मध्ये इथे शिकायला आलेल्या त्या तरुणाला सुरुवातीला विद्यार्थ्यांच्या भोजनगृहात बसू दिलं नव्हतं, तळघरात नोकरांबरोबर जेवावं लागलं होतं. त्याच्या दुःखाशी आपल्या गैरसोयीची तुलना होऊच शकत नाही. पण ज्या गावात शेतीशास्त्राचं एवढं मोठं विद्यापीठ आहे आणि चहूबाजूंनी क्षितिजापर्यंत मका आणि सोयाबीन उभं आहे, तिथल्या विद्यार्थ्याच्या ताटात काय पडतं याची काळजी गावाने करावी, ही अपेक्षा मला गैर वाटत नाही. तो मका बहुतांशी इथेनॉलला आणि जनावरांच्या चाऱ्याला जातो.

एका गोष्टीबद्दल मात्र स्पष्ट बोलतो. व्हीट्सफील्ड हे सभासदांच्या मालकीचं सहकारी दुकान 1974 पासून या गावात आहे. भारतीय सामान ठेवणारे छोटे दुकानदारही, आपल्या चार घरांनी खरेदी केली तर तगतात. नवं दुकान आलं म्हणून तूरडाळ, पोहे, कढीपत्ता घेण्याचं ठिकाण सोडू नका. व्हीट्सफील्डचे सभासद नसाल तर व्हा. जो पैसा आज आय-35 वरून बाहेर जातो तो गावात राहावा, एवढाच हेतू आहे. शेजाऱ्याचं दुकान बंद पडणार असेल, तर मलाही हे नको.

आता काय करायचं ते सांगतो. कंपनीच्या संकेतस्थळावर आपल्या गावात दुकान काढा अशी विनंती नोंदवायची सोय आहे. घरातल्या प्रत्येक प्रौढाने ती स्वतंत्रपणे, एकदाच नोंदवावी. तोच मजकूर चिकटवून पाठवू नका. वेस्ट डे मॉइनला किती वेळा जाता, दर खेपेला साधारण किती खर्च होतो, गाडी आहे की नाही, हे आपल्या शब्दांत आणि खरं तेच लिहा. मागच्या दोन-तीन महिन्यांच्या पावत्या सापडल्या तर बेरीज करून आकडा द्या. व्यापाऱ्याला आपल्या भावनेपेक्षा तो आकडा लवकर कळेल. त्याच मजकुराची एक प्रत नगरपरिषदेतल्या आपल्या वॉर्डच्या प्रतिनिधीला पाठवा, म्हणजे कंपनीशी बोलायला गावाच्या हातात काहीतरी राहील. विद्यार्थी संघटनेत ज्यांची ओळख आहे त्यांनी हा विषय सत्र संपायच्या आत बैठकीत मांडावा. प्रयोगशाळेतल्या चिनी, कोरियन, नायजेरियन मित्रांना आणि शेजारच्या आयोवन काकूंनाही सांगा, हा काही फक्त आपला प्रश्न नाही.

पाहुणे म्हणून आलेल्या आजी-आजोबांनीही लिहावं, आपण पाहुणे आहोत हे नमूद करून. इंग्रजीची अडचण असेल तर त्याच इमारतीतल्या मुलांनी संध्याकाळी जाऊन, त्यांच्या शेजारी बसून भरून द्यावं. पत्त्यात पिन 50010 किंवा 50014 न विसरता घाला, म्हणजे मागणी एम्सच्याच नावावर मोजली जाईल.