आपला माग कुणी मोडला?

अमरावतीजवळ नांदगाव पेठला पीएम मित्र नावाचा मोठा वस्त्रोद्योग पार्क होतो आहे. २० सप्टेंबर २०२४ रोजी वर्ध्याच्या सभेतून पंतप्रधानांनी त्याची पायाभरणी केली. तेव्हापासून आमच्या मोहल्ल्यांतही चर्चा आहे की आपल्या पोरांना तिथे काही मिळेल का. प्रश्न रास्त आहे. पण त्याच्या मागोमाग जे वाक्य येते ते मला खटकते: आपली सत्ता गेली आणि आपण मागे पडलो.

सत्ता कुणाची होती? अचलपूरला इमादशाहीचे तख्त होते, तेही १५७४ मध्ये संपले. पुढे नवाब आले, गेले. वऱ्हाडातल्या बहुसंख्य मुसलमानांचे वाडवडील त्या दरबाराच्या दारातही उभे नसत. ते पिंजारी होते, मोमीन विणकर होते, रंगरेज होते, शेतावर राबणारे होते. त्यांची पडझड कधी झाली हे शोधायचे असेल तर दरबार सोडून कापसाच्या बाजारात जावे लागते.

१८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले. कारण फौजेच्या खर्चाचे कर्ज. इंग्रजांची नजर मात्र काळ्या मातीवर होती. मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस हवा होता आणि तो मुख्यतः अमेरिकेतून, गुलामांच्या कष्टातून येई. १८६१ ला तिथे यादवी पेटली, पुरवठा तुटला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पूर्वी बंजाऱ्यांचे तांडे इथला कापूस बैलांवर लादून थेट मिर्झापूरपर्यंत नेत. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली आणि तांडे थांबले. १८७० मध्ये तर खामगावच्या कापूस बाजारासाठी जलंबहून खास फाटा काढला गेला.

रिव्हेट-कार्नाक नावाचा इंग्रज अधिकारी तेव्हा या भागाचा कॉटन कमिशनर होता. त्याने १८६९ च्या सुमारास सरकारला जे लिहिले ते प्रत्येक वऱ्हाडी माणसाला माहीत असायला हवे. त्याचा हिशेब असा: रेल्वेने विलायती कापड स्वस्तात येईल, गावठी कापड मागे पडेल, इथे सुतात जाणारा कापूस निर्यातीला मोकळा होईल आणि कातणारे-विणणारे हात शेतमजुरीला मिळतील. मागाचे मरण ही त्या योजनेतली जमेची बाजू होती.

आणि ते हात किती होते! बाया घरी रेच्यावर कापसातून सरकी काढत. मग पिंजारी आपली कमान घेऊन येई आणि तातीवर मोगरी मारून रुई पिंजून देई. पेळू होत, चरख्यावर सूत निघे, ते मागावर जाई, मग रंगरेजाकडे. एका गावात एका कापसावर पाच-सहा घरांची चूल पेटे. सरकी गुरांना, पऱ्हाटी चुलीला. वाफेचे जिन आले आणि रेचा अडगळीत गेला. गिरणीचे सूत आले आणि चरखा थांबला. चरखा थांबल्यावर सुतासाठी रुई पिंजणार कोण? पिंजाऱ्याकडे गाद्या-रजया भरण्याचे काम उरले. माग लगेच मेला नाही, गिरणीचे सूत घेऊन तग धरून राहिला, पण विलायती धोतरजोडीपुढे त्याला भाव मिळेना.

विणकर इंग्लंडमध्येही देशोधडीला लागले, हे विसरू नये. तिथल्या पहिल्या पिढीने गिरणीत लहान मुलेसुद्धा गमावली. पण गिरणी त्यांच्याच मुलखात होती. पुढे संघटना झाल्या, कायदे झाले, पगार वाढले. आपल्याकडे यंत्रयुगाचा फक्त पहिला तुकडा आला: सरकी काढा, गाठ दाबा, गाडीत घाला. अमरावती, अकोला, मूर्तिजापूर, जिकडे पाहाल तिकडे जिन आणि प्रेस. कापड विणणाऱ्या गिरण्या बडनेरा, अकोला, अचलपूर अशा मोजक्या ठिकाणी. जिनातले काम हंगामी, नाकातोंडात रुईची धूळ, आणि उन्हाळा लागला की घरी बसा.

त्यात ज्वारीच्या रानात कापूस शिरला होता. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत पैसा नसलेल्या मजुराला धान्य विकत घेणे परवडेना. १८९१ मध्ये वऱ्हाडची लोकसंख्या जवळपास २८ लाख ९७ हजार होती, १९०१ मध्ये ती २७ लाख ५४ हजारांवर आली. यात नुसते मुसलमान नव्हते. कोष्टी होते, साळी होते, जाडेभरडे कापड विणणारे महार होते. या इतिहासात आपला वाटेकरी कोण हे त्यावरून कळते. सत्तेच्या आठवणीत हे शेजारी सापडत नाहीत, मागाच्या आठवणीत सापडतात.

म्हणूनच उर्दू शाळेतल्या पोरांना इमादशहाबरोबर हा कमिशनरही शिकवावा असे मला वाटते. हुनर असलेले लोक मजूर कसे झाले हे कळले, तर 'आपल्यात शिकायची वृत्तीच नाही' हे आपल्याच बुजुर्गांचे बोलणे ऐकून मान खाली घालावी लागणार नाही. आणि नव्या पार्ककडे मागायचे काय तेही ठरेल. पहारेकरी, हमाल, पॅकिंगवाला एवढ्यावर समाधान मानायचे, की सूत, विणाई, रंगाई, शिलाई यांतले काम आणि त्याचे शिक्षण मागायचे? लहान कारखानदाराला तिथे गाळा मिळणार का? अकोटच्या सतरंजीसारख्या जुन्या कामाला जागा असेल का? हे आताच विचारायला हवे, प्लॉट वाटून झाल्यावर नव्हे.

आणखी एक विचारायचे आहे. अचलपूरला राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाची फिनले मिल आहे. वऱ्हाडच्या कापसाचे वऱ्हाडातच सूत करणारी ही सरकारी गिरणी २०२० च्या लॉकडाऊनमध्ये बंद पडली. नांदगाव पेठच्या नकाशावर बोलायला येणाऱ्या साहेबांनी आधी तिच्या कामगारांचे काय ते सांगावे.