द्राक्षांच्या गावी केव्हा जावे?

हैदराबादच्या अनाबेशाहीच्या बागा शहराच्या वाढीत गेल्या. आता द्राक्षमळा आणि वाइन पाहावयाची तर आपल्या घरांतून नाशिकचा बेत होतो. देवगिरी एक्स्प्रेस सोयीची आहे. पण निघणे व्हावयाचे ते मुलांच्या सुट्टीत, दिवाळीला नाहीतर मे महिन्यात. हे दोन्ही काळ नेमके चुकीचे.

युरोपात वेल थंडीत झोपी जाते आणि द्राक्षतोडा सप्टेंबरच्या सुमारास होतो. आपल्या हवेत वेलीला झोप नाही, म्हणून तिला दोनदा छाटतात: एप्रिलात खरड छाटणी, पाऊस ओसरताना गोड छाटणी. मे महिन्यात म्हणून मळ्यात कोवळे फुटवे व रखरखीत ऊन. दिवाळीत फुलोरा, फार तर मोहरीएवढे मणी. वाइनची द्राक्षे जानेवारी ते मार्च तोडतात. कोरडे दिवस, गार रात्री, गाळपाची लगबग! जानेवारीअखेरचे दिवस मला सर्वांत उत्तम वाटतात. 'सुला'ने २००८ पासून फेब्रुवारीत संगीतमेळा भरविला. ते ध्वनिवर्धक ज्यांना सोसतात त्यांनी खुशाल जावे. मी आपला मधला वार धरीन.

मात्र ऋतूचाच भरवसा उरलेला नाही. नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस अवकाळी पाऊस व गारांनी नाशिक जिल्ह्यातील बागा झोडपल्या. अवेळी मल्हार गाइला तर श्रोता उठून जातो. येथे बागायतदाराचे वर्ष जाते आणि कर्जाचा हप्ता राहतो. तेव्हा तिकीट काढण्यापूर्वी तोडणी लागली का, एवढे मळ्यात विचारून घ्यावे.