वर्गीकरणाचा वाद आणि आपली तर्कबुद्धी

१ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या घटनापीठाने अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाला सहा विरुद्ध एक अशा बहुमताने मान्यता दिली. २१ ऑगस्टला भारत बंद झाला. आजही हा विषय निघाला की वस्तीत आवाज चढतात.

विहारात दर रविवारी आम्ही विद्यार्थ्यांचा अभ्यासवर्ग घेतो. तर्कशास्त्र शिकवायचे म्हणून एका रविवारी याच विषयावर मोबाईलवर आलेले संदेश मुलांना मोठ्याने वाचायला सांगितले.

पहिला संदेश : 'कोर्टाने क्रीमीलेयर लावली, आरक्षण संपले.' आम्ही विचारले, पीठापुढे प्रश्न कोणता होता? राज्यांना उपवर्गीकरण करता येते का, एवढाच. २००४ च्या चिन्नय्या निकालाने त्याला नकार दिला होता, तो आता रद्द झाला. क्रीमीलेयरबद्दल काही न्यायमूर्तींनी मत मांडले, पण तो पीठापुढचा प्रश्न नव्हता. मत आणि आदेश यांतला फरक न कळता आपण रस्त्यावर उतरलो, तर समोरचा वकील दोन मिनिटांत आपल्याला गप्प करेल.

दुसरा संदेश : 'जो वर्गीकरणाच्या बाजूने बोलतो तो दलाल.' यात मुद्द्याला उत्तरच नाही. माणसाला शिवी दिली की त्याचा मुद्दा खोटा ठरत नाही.

तिसरा संदेश दुसऱ्या बाजूचा : 'बौद्धांनीच सगळे आरक्षण खाल्ले.' पुरावा? कोणत्या खात्यात, कोणत्या श्रेणीत, किती पदे? निकालानेही राज्यांकडे आकडेवारीच मागितली आहे. ती मागणे आपलाही हक्क आहे.

विरोधाची भक्कम बाजूही आहे. न्या. बेला त्रिवेदी यांनी वेगळे मत देताना म्हटले की, अनुच्छेद ३४१ खालील राष्ट्रपतींच्या यादीत राज्यांना फेरफार करता येत नाही. मतांसाठी सरकारे या अधिकाराचा गैरवापर करतील, ही भीतीही खोटी नाही. असे मुद्दे हाताशी असताना शिव्या कशाला?

मग एका मुलीने विचारले, "सर, पण नैतिकदृष्ट्या बरोबर काय?" आम्ही फळ्यावर दोन प्रश्न लिहिले. परिणाम पाहिला, तर सर्वांत मागे राहिलेल्या घरापर्यंत लाभ कोणत्या मार्गाने पोहोचेल? तत्त्व पाहिले, तर वरच्या जातींकडे वाटा मागताना जी फूटपट्टी आपण लावतो, तीच मातंग बांधवाने आपल्याला लावली तर आपण काय म्हणणार? वर्ग बराच वेळ शांत होता. त्या दिवशी एकमत झाले नाही. मात्र कोणी कोणाला दलालही म्हटले नाही.

कालाम सुत्तात भगवान बुद्धांनी परंपरेने आले, ग्रंथात आहे किंवा गुरू सांगतो एवढ्यावरून काही स्वीकारू नका, असे सांगितले. पुढे दिङ्नाग आणि धर्मकीर्ती यांनी प्रमाणशास्त्र उभे केले. बाबासाहेबांनी प्रज्ञेला शील आणि करुणेची जोड मागितली. शील नसलेला तर्क नुसता वाद जिंकायला शिकवतो. हा आपला वारसा आहे, आणि तो स्पर्धा परीक्षेच्या गुणांपुरता उरू नये.

म्हणून तरुण मित्रांनो, पुढचा संदेश पाठवण्याआधी तीन प्रश्न विचारा. हे कशावरून? यातून खरेच तसा निष्कर्ष निघतो का? आणि हीच फूटपट्टी मी स्वतःला लावीन का?

जय भीम, नमो बुद्धाय.