निजाम गेला, ‘निजाम सर्किट’ उरले : ओटीटीच्या काळात विज्ञानपटांच्या पुढच्या भागांचा निर्णय कोण घेतो?

१/ चित्रपटव्यवसायाच्या नकाशावर मराठवाडा आजही महाराष्ट्रात नाही. वितरकांच्या वहीत तो ‘निजाम’ या क्षेत्रात मोडतो. आजच्या धाग्याचा विषय आहे प्रचंड खर्चाचे विज्ञानपट, त्यांचे पुढचे भाग आणि ओटीटी. मात्र या विषयाकडे जाणारी वाट त्या जुन्या नकाशावरून जाते, म्हणून थोडा धीर धरावा.

२/ १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. १९५६ मध्ये औरंगाबाद, परभणी, बीड, नांदेड आणि उस्मानाबाद हे मराठी जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. राज्यकारभाराच्या सीमा बदलल्या, चित्रपट वितरणाच्या बदलल्या नाहीत. तेलंगण, मराठवाडा आणि कर्नाटकाचा ईशान्य भाग मिळून ‘निजाम’ आणि विदर्भ ‘सी.पी.-बेरार’मध्ये, ही विभागणी टिकून राहिली.

३/ या क्षेत्रांना ‘सर्किट’ म्हणतात. निर्माता एकेका सर्किटचे हक्क वितरकाला देई, वितरक चित्रपटगृहांना चित्रपट पुरवी आणि प्रत्येक टॉकीजमधून रोजच्या विक्रीचा तक्ता वितरकाकडे जाई. या तक्त्याला धंद्यात ‘डीसीआर’ म्हणतात. कोणत्या गावात कोणता चित्रपट किती चालला, हे त्या कागदावर उमटत असे.

४/ दुसरी नोंद सरकारी होती. तिकिटावर करमणूक कर होता आणि त्याची वसुली जिल्हाधिकारी कार्यालयामार्फत होई. १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला आणि राज्याचा करमणूक कर त्यात विलीन झाला. इतिहासाच्या विद्यार्थ्याने ही तारीख लक्षात ठेवावी. प्रेक्षकांचा जिल्हावार हिशेब ठेवणारी एक जुनी सरकारी व्यवस्था त्या दिवशी संपली.

५/ आता विज्ञानपटांकडे येऊ. कौटुंबिक चित्रपट चालला नाही, तर निर्माता दुसरा काढतो. विज्ञानपटाचे गणित निराळे असते. त्यात एक अख्खे जग उभारावे लागते आणि त्याचा खर्च एका चित्रपटात क्वचितच वसूल होतो, म्हणून गोष्ट दोन-तीन भागांत मांडली जाते. पुढच्या भागाला पैसा द्यायचा तर आधी पुरावा लागतो : पहिला भाग पाहायला किती लोक घराबाहेर पडले?

६/ ‘स्टार वॉर्स’ २५ मे १९७७ ला प्रदर्शित झाला आणि त्याचा पुढचा भाग मे १९८० मध्ये आला. पहिला भाग भाड्याच्या व्हिडिओ कॅसेटवर मिळू लागला तो १९८२ साली. म्हणजे पुढच्या भागाचा निर्णय, चित्रीकरण आणि प्रदर्शन हे सारे पहिला भाग कॅसेटवर घरी पोहोचण्यापूर्वीच उरकले होते. निर्णयाचा आधार एकच होता, तिकीटबारी.

७/ आपल्याकडील उदाहरण मुंबईच्या हिंदी चित्रसृष्टीचे. ‘कोई… मिल गया’ ऑगस्ट २००३ मध्ये, ‘क्रिश’ जून २००६ मध्ये आणि ‘क्रिश ३’ नोव्हेंबर २०१३ मध्ये आला. सीडी, डीव्हीडी आणि दूरचित्रवाणी तेव्हा होतीच. तरी प्रत्येक पुढची पायरी आधीच्या भागाच्या चित्रपटगृहातील यशावर रचलेली होती.

८/ उलट बाजूही पाहिली पाहिजे. ‘ब्लेड रनर’ १९८२ साली चित्रपटगृहात पडला आणि पुढे व्हिडिओवर पाहणाऱ्यांनी त्याला अभिजात ठरवले. त्या प्रेमाच्या बळावर ३५ वर्षांनी, २०१७ मध्ये, पुढचा भाग निघाला. समीक्षकांनी तो वाखाणला, पण तिकीटबारीवर तो अपेक्षेपेक्षा खूपच मागे राहिला. घरी जमलेले प्रेम खरे होते. मात्र ते मोजण्याचे साधन कोणाकडे नव्हते.

९/ मार्च २०२० मध्ये चित्रपटगृहे बंद झाली. नागपूरच्या आरती कदव यांचा ‘कार्गो’ हा अंतराळयानात घडणारा चित्रपट ९ सप्टेंबर २०२० ला थेट नेटफ्लिक्सवर आला. त्याचा खर्च मर्यादित होता आणि कल्पना मोठी. टॉकीज बंद असताना तो गावोगाव मोबाइलवर पाहता आला, हे ओटीटीचे ऋण मान्य केले पाहिजे. मात्र तो मराठवाड्यात किती जणांनी पाहिला, याचा कोणताही सार्वजनिक आकडा नाही.

१०/ ३ डिसेंबर २०२० ला वॉर्नर ब्रदर्सने जाहीर केले, की अमेरिकेत त्यांचे २०२१ चे सर्व चित्रपट चित्रपटगृहात आणि एचबीओ मॅक्सवर एकाच दिवशी येतील. यादीत ‘ड्यून’ होता, ‘मॅट्रिक्स’चा चौथा भागही होता. ‘ड्यून’चे दिग्दर्शक दनी विलनव यांनी जाहीर लेख लिहून विरोध नोंदवला. त्यांच्या हाती कादंबरीचा पूर्वार्ध होता. तो मोजला गेला नसता, तर उत्तरार्ध निघालाच नसता.

११/ पुढची तारीख महाराष्ट्राची. आपली चित्रपटगृहे निम्म्या आसनक्षमतेने पुन्हा उघडली २२ ऑक्टोबर २०२१ ला आणि त्याच दिवशी ‘ड्यून’ भारतात व अमेरिकेत प्रदर्शित झाला. भारतात एचबीओ मॅक्स नव्हते. येथील प्रेक्षकासमोर कायदेशीर मार्ग एकच होता, अर्ध्या रिकाम्या सभागृहाचा. दुसरीकडे, ओटीटीवर पहिल्याच दिवशी आलेल्या चित्रपटाची स्वच्छ प्रत चोरांच्या हाती लगेच पडते. पूर्वी त्यांना सभागृहात लपवलेल्या कॅमेऱ्यावर भागवावे लागे.

१२/ अमेरिकेत ‘ड्यून’ने पहिल्या तीन दिवसांत सुमारे ४ कोटी १० लाख डॉलर मिळवले आणि २६ ऑक्टोबरला दुसरा भाग जाहीर झाला. पुढे पहिल्या भागाची जागतिक कमाई सुमारे ४० कोटी डॉलरवर गेली. १ मार्च २०२४ ला आलेल्या दुसऱ्या भागाने ७० कोटींचा टप्पा ओलांडला. हा दुसरा भाग त्याच दिवशी ओटीटीवर दिला गेला नव्हता. स्टुडिओने धडा घेतला होता.

१३/ ‘मॅट्रिक्स रेझरेक्शन्स’ डिसेंबर २०२१ मध्ये त्याच दुहेरी पद्धतीने आला आणि जगभरात जेमतेम १६ कोटी डॉलरवर थांबला. सहनिर्माती कंपनी व्हिलेज रोडशो वॉर्नरविरुद्ध न्यायालयात गेली. दोष सर्वस्वी ओटीटीचा होता, असे मात्र म्हणवत नाही. त्याच वर्षी, त्याच पद्धतीने आलेला ‘गॉडझिला व्हर्सेस काँग’ चांगला चालला आणि त्याचाही पुढचा भाग २०२४ मध्ये आला. ओटीटी चित्रपट मारत नाही. तो पुरावा धूसर करतो.

१४/ थेट ओटीटीसाठी आलेल्या विज्ञानपटांत हे अधिक स्पष्ट दिसते. ‘द टुमॉरो वॉर’ जुलै २०२१ मध्ये प्राइम व्हिडिओवर आला. त्याच महिन्यात पुढच्या भागाची बोलणी सुरू झाल्याच्या बातम्या आल्या, चित्रपट मात्र आला नाही. का आला नाही, हे बाहेरच्या कोणालाही आकड्यांवरून सांगता येत नाही. पूर्वी पडलेल्या चित्रपटाचे निदान शवविच्छेदन तरी करता येत असे.

१५/ आता आपल्या जुन्या सर्किटच्या राजधानीकडे, हैदराबादकडे वळू. नाग अश्विन यांचा ‘कल्की २८९८ एडी’ २७ जून २०२४ ला चित्रपटगृहात आला आणि २२ ऑगस्टला ओटीटीवर. मधले दिवस मोजा : ५६, म्हणजे नेमके आठ आठवडे. हिंदी चित्रपट मोठ्या मल्टिप्लेक्स साखळ्यांत लावायचा तर हे अंतर पाळावे लागते. तेवढ्या अवधीत यशाची जाहीर मोजदाद झाली आणि दुसऱ्या भागाचा पाया पक्का झाला.

१६/ या चित्रपटाचे ओटीटी हक्क कसे विभागले गेले, ते पाहण्यासारखे आहे. हिंदी आवृत्ती नेटफ्लिक्सकडे गेली. तेलुगू, तमिळ, कन्नड आणि मल्याळम आवृत्त्या प्राइम व्हिडिओकडे गेल्या. भूप्रदेशाच्या जागी भाषा आली. शतकभर टिकलेला संस्थानी नकाशा असा पुसला जात असेल, तर कोणी हळहळण्याचे कारण नाही. प्रश्न वेगळा आहे : नव्या नकाशात मराठी कोठे आहे?

१७/ कोठेच नाही. मराठी आवृत्तीच नसल्याने परभणीचा प्रेक्षक ‘हिंदी’च्या रकान्यात जमा होतो. जुन्या व्यवस्थेत आपले नाव चुकीचे होते, पण रकाना होता. नव्या व्यवस्थेत नावही नाही आणि रकानाही नाही. नेटफ्लिक्सने डिसेंबर २०२३ पासून पाहिल्या गेलेल्या तासांचे सहामाही अहवाल प्रसिद्ध करायला सुरुवात केली, हे स्वागतार्ह आहे. पण ते तास जगभराचे एकत्रित असतात. त्यात राज्य नाही, जिल्हा तर नाहीच.

१८/ आक्षेप येईल, की आठ आठवड्यांची अट हा शहरी माणसाचा हट्ट आहे. छत्रपती संभाजीनगरात मॉलमधले मल्टिप्लेक्स आहे. ज्या तालुक्यात शेवटचे टॉकीज मंगल कार्यालय झाले, तेथील मुलाने दोन महिने का थांबावे? आक्षेप रास्त आहे. पण जत्रेतल्या तंबूत चित्रपट पोहोचेपर्यंत त्याच गावाने कितीतरी महिने वाट पाहिलेली आहे. त्या तुलनेत ५६ दिवस फार नव्हेत. आणि पहिला भाग लगेच मिळवून पुढचे भागच गमावले, तर तोटा त्या मुलाचाही आहे.

१९/ ही अट म्हणजे कायदा नव्हे, करार आहे. मे २०२५ मध्ये ‘भूल चूक माफ’ हा चित्रपट ऐनवेळी थेट ओटीटीवर नेण्याचे ठरले, तेव्हा पीव्हीआर आयनॉक्सने मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली आणि न्यायालयाने त्या प्रदर्शनाला स्थगिती दिली. अखेर तडजोड झाली. चित्रपट २३ मे रोजी चित्रपटगृहात आला आणि दोनच आठवड्यांनी ओटीटीवर. आठाचे दोन व्हायला एक तडजोड पुरते, हे यातून दिसले.

२०/ हे सारे आपल्याला का खुपावे? मराठीत विज्ञानसाहित्याची परंपरा आहे. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत जयंत नारळीकरांनी ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली आणि पारितोषिक मिळवले. ‘प्रेषित’ आणि ‘वामन परत न आला’ या त्यांच्या कादंबऱ्या आज तयार कथानके आहेत. त्यांवर भव्य चित्रपट काढू पाहणाऱ्याला पैसेवाला पहिला प्रश्न विचारील, की असे चित्रपट पाहणारा मराठी प्रेक्षक आहे किती? आज या प्रश्नाला उत्तर नाही.

२१/ म्हणून माझे मत असे. मोठ्या विज्ञानपटांसाठी आठ आठवड्यांचे अंतर राखावे. ओटीटी कंपन्यांनी पाहिल्या गेलेल्या तासांचे आकडे राज्यवार आणि भाषावार प्रसिद्ध करावेत. आणि जे चित्रपट पाच भाषांत येतात, त्यांनी सहावी भाषा मराठी धरावी, म्हणजे आपला रकाना तयार होईल. यातील पहिली मागणी प्रदर्शकांची आहेच. उरलेल्या दोन प्रेक्षकांनाच कराव्या लागतील.

२२/ एक काम मात्र आपल्या हातातले आहे. तुमच्या तालुक्यातील बंद पडलेल्या टॉकीजच्या मालकांकडे जुने डीसीआर, करमणूक कराच्या नोंदवह्या किंवा तिकिटांची पुस्तके असतील, तर ती रद्दीत जाण्यापूर्वी त्यांची छायाचित्रे घ्या. प्रतिसादात गाव, टॉकीजचे नाव आणि बंद झाल्याचे वर्ष लिहा. मराठवाड्यातील टॉकीजची यादी पुढच्या धाग्यात एकत्र मांडू.