'रुळावर येणे' × ?

मंडळी, शाळेतल्या व्याकरणाचा एक सोपा प्रश्न. 'रुळावर येणे' याच्या विरुद्ध काय? 'रुळावरून घसरणे', कुणीही सांगेल. पूर्ण मार्क. पण आमच्या कर्जत-खालापूरकडे जे घडत आलंय ते बघता मी या उत्तराला भोपळा देईन.

आधी बातम्यांची भाषा बघा. काही बिघडलं की, गाडी घसरली, दरड कोसळली, वाहतूक विस्कळीत झाली. सगळी अकर्मक क्रियापदं! कर्ता कोण, तर गाडी, दरड, वाहतूक. माणूस गायब. दुरुस्ती झाली रे झाली की तोच माणूस हार घालून घ्यायला हजर: सेवा पूर्ववत केली, गाडी रुळावर आणली. म्हणजे घसरते ती आपोआप, आणतं मात्र कुणीतरी. (आम्हा आयटीवाल्यांचंही तेच. सर्व्हर 'पडतो', उठवतो मात्र 'आम्ही'.)

नेरळ-माथेरानची गाडीच घ्या. १९०७ ची, दोन फुटी रुळांची. २००५ च्या पुरात मार्ग वाहून गेला, तो २००७ मध्ये सुरू झाला. मे २०१६ मध्ये गाडी दोनदा घसरली आणि सेवा बंद पडली, ती दीड वर्ष. २०१९ च्या पावसात पुन्हा मार्ग वाहून गेला. नेरळपासून गाडी धावली ती ऑक्टोबर २०२२ मध्ये. दर वेळी बातमी एकच, 'गाडी पुन्हा रुळावर'. अहो, सह्याद्रीत पाऊस पडतो ही काय ब्रेकिंग न्यूज आहे?

गाडीचं एक वेळ ठीक, ती पुन्हा उभी करता येते. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड आली. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसं बेपत्ताच राहिली. २३ जुलैला शोध थांबवला. ही वाडी संभाव्य दरडग्रस्त गावांच्या यादीत नव्हती, हे सरकारनेच सांगितलं. दरड डोंगराने पाडली, कबूल. पण यादी डोंगराने केली नव्हती. आणि अशा ठिकाणी 'जनजीवन पूर्वपदावर' लिहिणाऱ्याला विचारावंसं वाटतं, बाबा रे, कुठलं पूर्वपद?

'निसर्गापुढे कुणाचं काय चालणार' हे ठेवणीतलं उत्तर आता येईलच. चालतं की! कर्जतहून लोणावळ्याला चढणारा बोरघाटाचा रेल्वेमार्ग १८६३ चा. उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक निकामी होऊ शकतात हे तिथे आधीच गृहीत धरलंय. सुटलेल्या गाडीला बाजूला वळवून चढावर नेऊन थांबवणारी वेगळी मार्गिका घाटात आहे, कॅच सायडिंग म्हणतात तिला. ब्रेक निकामी होतात ही अकर्मक गोष्ट, पण मार्गिका कुणीतरी बांधली. फरक एवढाच आहे.

तेव्हा माझं उत्तर लिहून घ्या. 'रुळावर येणे' च्या विरुद्ध 'घसरणे' असेलही, पण 'रुळावर आणणे' च्या विरुद्ध 'घसरू देणे'. आणण्याचं श्रेय हवं असेल तर घसरू देण्याचा कर्ताही वाक्यात नावानिशी आला पाहिजे. पुढचा पावसाळा काही लांब नाही. बातमी वाचताना कर्ता शोधा. नाही सापडला, तर तो लपलाय असं समजा.