खालच्या कुस्तीचे वाचन

दिवाळी सरली की भंडारा जिल्ह्यात मंडईचा हंगाम सुरू होतो. गावोगाव दंडार, खडी गंमत, रात्रभर रंगणारी झाडीपट्टीची नाटके, आणि कुठे कुठे कुस्त्यांची दंगल. या दंगलीत हमखास येणारा एक क्षण आम्ही अनेकदा पाहिला आहे. एक मल्ल खाली, दुसरा त्याच्या पाठीवर. दोघेही जवळजवळ निश्चल. मिनिटभर असे गेले की कडेने ओरड सुरू होते : 'उठवा, उठवा!' त्या ओरडीविषयी आम्हांला काही म्हणायचे आहे.

ही निश्चलता म्हणजे निष्क्रियता नव्हे. खालच्या मल्लाने कोपर बरगडीशी घट्ट धरलेले असते. ते सुटले तर वरच्याचा हात काखेतून मानेवर जाईल हे तो जाणतो. वरचा डावीकडे भार टाकतो, तो डावीकडे उलटवण्यासाठी नव्हे. खालच्याने त्या बाजूस जोर लावावा आणि त्याचा उजवा गुडघा क्षणभर हलका व्हावा, यासाठी. तो हलका झाला की मान आणि पाय एकत्र आवळून मोळी बांधता येते. प्रत्येक डावाला तोड असते आणि तोडीलाही तोड. आपल्याला जो थांबा वाटतो, तो दोन तोडींचा समतोल असतो.

रोलाँ बार्थ यांचा कुस्तीवरील निबंध साहित्याच्या अभ्यासकांना परिचित आहे. १९५७ सालच्या 'मिथॉलॉजीज'मध्ये फ्रान्समधील व्यावसायिक कुस्तीला ते क्रीडा न मानता नाट्यप्रयोग मानतात. तेथे प्रत्येक पकड वेदना आणि पराभव यांचे ठळक चिन्ह बनते. ज्युदोत मात्र पडलेला माणूस पुरता पडलेला दिसतच नाही, असा त्यांचा आशय. वर्गात हे विवेचन मांडताना आम्हीही अनेक वर्षे त्यास मान डोलावली. आज वाटते, दोष ज्युदोचा नाही, वाचकाच्या साक्षरतेचा आहे. तोड ठाऊक असणाऱ्यास त्या हालचालीही सुवाच्य असतात. खुद्द व्यावसायिक कुस्तीचाच दाखला घ्या. तिचा निकाल आधीच ठरलेला असतो. तरीही जपान-इंग्लंडमधील लहान सभागृहांत स्वतंत्र आयोजकांच्या लढतींना येणारे दर्दी प्रेक्षक सांधे आवळणाऱ्या पकडी आणि त्यांतून सुटण्याच्या युक्त्या मन लावून पाहतात. निकालाची उत्सुकता नसतानाही उरणारा हा आनंद शुद्ध रसिकतेचा आहे.

आपल्याकडे उलट घडले आहे. निवडणुकीच्या बातम्यांत 'चीतपट', 'धोबीपछाड', 'शड्डू ठोकला' हे शब्द सुखेनैव वावरतात. पण ते ज्या क्रियांतून आले, त्या डोळ्यांसमोर उभ्या राहत नाहीत. खाशाबा जाधवांचे १९५२ सालचे हेलसिंकीचे कांस्यपदक विद्यार्थ्यांना पाठ असते. ५७ किलो वजनी गटातील या मल्लाची ख्याती चपळाईची आणि ढाक या डावाची होती. ढाक कसा लावतात, असे विचारले की वर्गात शांतता पसरते. आणि खरे सांगायचे तर ती शिक्षकांच्या खोलीतही पसरते.

लोकांना बारकावे पाहताच येत नाहीत, असेही नाही. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात महाराष्ट्र केसरी स्पर्धेच्या माती विभागात महेंद्र गायकवाड यांनी सिकंदर शेख यांच्यावर बाहेरची टांग मारली आणि पंचांनी चार गुण दिले. ते योग्य होते का, यावर महाराष्ट्रभर वाद झाला. पाठ किती वळली, खांद्याचा मातीशी कोन किती, हे लोकांनी चित्रफीत थांबवून थांबवून तपासले. एका डावाचे इतके सूक्ष्म वाचन क्वचितच झाले असेल. खेद इतकाच, की त्यासाठी निकालाचा वाद व्हावा लागला.

खालची कुस्ती लांबली तर खेळ कंटाळवाणा होतो, म्हणून पंच मल्लांना उभे करतात, हा आक्षेप आम्हांला मान्य आहे. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत तो नियम आवश्यकच आहे. पण नियमाने मल्लांना उभे करणे वेगळे आणि प्रेक्षकाने पाहणे सोडून देणे वेगळे. 'सर, कवितेचा अर्थ थोडक्यात सांगा,' असे म्हणणारा विद्यार्थी आणि 'उठवा' म्हणणारा प्रेक्षक यांची घाई आम्हांला एकाच जातीची वाटते. पहिल्याला आम्ही रागावतो. दुसऱ्यांत कधी आम्हीही असतो.

उपाय फार मोठा नाही. शंकरराव पुजारींसारख्या निवेदकांनी पश्चिम महाराष्ट्रातील मैदानांत प्रेक्षकांचे कान आणि डोळे घडवले. आमच्या मंडईतही ध्वनिक्षेपक असतोच. त्यावरून बक्षिसांचे आकडे आणि पाहुण्यांची नावे पुकारली जातात. त्याच ध्वनिक्षेपकासमोर गावातल्या एखाद्या वृद्ध वस्तादाला बसवावे. खाली कोण आहे, हे सर्वांना दिसतेच. तो अजून चीत का झालेला नाही, एवढे त्यांनी सांगावे.